बाटलीला श्वास लागतो

आमचे सर सुधारले, असं कॉलेजात सगळे म्हणायला लागले, तेव्हापासून मला जो राग आलेला आहे तो अजून उतरलेला नाही. मी आता नळदुर्गापासून लई लांब, वापीला असते. इथं माझ्या रागाचं कुणाला काही पडलेलं नाही. पण भांडी घासताना एकदम आठवतं आणि हातातलं पातेलं आपटलं जातं. पोरगी आतून विचारते, "आई, आता कोण?" मी म्हणते, "तेच."

सुधारले म्हणे. म्हणजे काय झालं, तर त्यांचं ओरडणं बंद झालं. ज्या माणसाचा आवाज लॅबमधून निघून सायकल स्टँडपर्यंत जायचा, तो माणूस कुणी काही विचारलं की "बरं, बरं" म्हणायला लागला. याला सुधारणं म्हणत असतील तर पेटती चूल विझली की तिलाही सुधारली म्हणावं.

मी सातवी शिकलेली. माहेर परंड्याकडचं. लग्न करून नळदुर्गला आले. नवरा ट्रकवर होता. एका फेरीला हैदराबादकडं गेला तो आलाच नाही. मेला असंही कुणी सांगितलं नाही, जिवंत आहे असंही नाही. पदरात पोरगी. सासरच्या एका ओळखीनं कॉलेजात रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये परिचर म्हणून चिकटले, तेही कंत्राटावर. मी मुळातच भित्री. कुलूप लावल्यावर ते लागलं का म्हणून अर्ध्या रस्त्यातून परत येणारी. अशा बाईला पहिल्याच दिवशी आमच्या सरांच्या हाताखाली दिलं.

पहिल्या दिवशी त्यांनी मला एका मोठ्या बरणीतलं पाण्यासारखं काहीतरी तपकिरी बाटल्यांत भरायला सांगितलं आणि स्वतः वर्गावर गेले. मी हात धुऊन, फडकं घेऊन, गाळण्यानं अगदी काळजीनं भरलं. आमच्या घरी लोणचं भरताना बरणी गळ्यापर्यंत भरायची, वर तेलाचा थर, हवेला जागा ठेवायची नाही. हवा राहिली की बुरशी धरते. तसंच केलं. एक थेंब सांडला नाही. मनात म्हटलं, सर खूश होतील.

सर आले. बाटल्या बघितल्या. आणि मग जो आवाज निघाला, खिडकीवरचं कबूतर उडालं.

"हे काय करायलीस? लोणचं हाय का ते? गळ्यापर्यंत भरायला?"

मी रडायला लागले. नोकरी पहिल्याच दिवशी गेली असं वाटलं. सरांना माझं रडणं दिसलंच नाही. त्यांनी बाटली उचलली, थोडं परत ओतलं, बाटलीच्या खांद्याखाली बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथवर. याच्यावर न्हाय. बाटलीला श्वास लागतो." मग एकदम आवाज उतरला. "अक्का, तुमचं गाव कोणतं?"

ही त्यांची तऱ्हा. रागात असले की 'तू', राग ओसरला की 'तुम्ही'. मला पुढं पुढं ते 'तुम्ही' ऐकलं की चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. 'तू' म्हणत ओरडले की कळायचं, आज सर कामात आहेत.

त्या पाण्यासारख्या वस्तूचं खरं नाव मिथाइल मेथाक्रिलेट. मला ते नीट म्हणायला एक पावसाळा गेला. सर तिला 'रस' म्हणायचे. कॉलेजातले बाकीचे 'सरांचं रॉकेल' म्हणायचे आणि नाकाला रुमाल लावायचे. वास होताच तसा, दात बसवणाऱ्याच्या दवाखान्यात येतो ना, गोडसर आणि झोंबणारा, तो. माझ्या केसांना, पदराला, पोरीच्या दप्तरालासुद्धा तो लागला होता.

रस विकत मिळतो. पण विकतचा मागवला तर यायला महिना लागायचा, आणि सरांना विकतचा नकोच होता. त्यांना मोडक्यातोडक्या अ‍ॅक्रिलिकपासून, म्हणजे काचेसारख्या प्लास्टिकपासून, रस काढायचा होता. दुकानांच्या जुन्या पाट्या, गाड्यांच्या मागच्या लाल दिव्यांची फुटकी झाकणं, हे त्यांचं सोनं. आमच्या हायवेवर त्याला काय तोटा? सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर गॅरेज आणि धाबे, दोन्हीकडं लाल तुकड्यांचे ढीग. सर रविवारी पिशवी घेऊन निघायचे. गॅरेजवाले त्यांना 'भंगारसर' म्हणायचे, पण तुकडे वेगळे काढून ठेवायचे. एकदा आम्ही कॉलेजच्या कामासाठी एसटीनं सोलापूरला निघालो होतो. रस्त्याच्या कडेला एक ट्रक दुसऱ्याच्या पाठीत घुसलेला. माणसं सुखरूप होती, चहा पीत बसली होती. सरांनी बघितलं, उठले आणि दोरी ओढून घंटी वाजवली.

कंडक्टर धावत आला. "ओ सर, घंटी माझी हाय!"

"मग वाजव की! मी काय नको म्हणतोय?"

"इथं ष्टॉप न्हाय."

"ट्रक आदळला तिथं तरी कुठं ष्टॉप होता?"

अख्खी गाडी हसली. सर खाली उतरले, लाल तुकडे वेचले, एक तुकडा काडीनं पेटवून हुंगला, मान हलवली आणि फेकला. दुसरा पेटवला, हुंगला, पिशवीत टाकला. काळा धूर निघाला की तो तुकडा खोटा. निळसर-पिवळी ज्योत आणि फळासारखा वास आला की 'आपला'. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी मान खाली घालून बसले होते. लाज वाटत होती, आणि लाज वाटल्याचा रागही येत होता. हसणाऱ्यांतला एकही माणूस आपल्या कामासाठी असा भर रस्त्यात वाकला नसता.

ते तुकडे धुऊन, कुटून लोखंडी भांड्यात घालायचे, झाकण घट्ट लावून वाळूच्या शेगडीवर तापवायचे. तापलं की त्याची वाफ होते, आणि ती वाफ गार पाण्यातून गेलेल्या नळीतून थेंब थेंब बाहेर येते. पहिला रस पिवळा आणि घाणेरड्या वासाचा. तो परत उकळून गार करायचा, मग दुसऱ्या खेपेला स्वच्छ, डोळ्यातल्या पाण्यासारखा. लाल रंग सगळा भांड्याच्या तळाशी करपून राहायचा. मी पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा तोंडावर हात गेला. सर म्हणाले, "बगा अक्का. म्हातारं पुन्हा लेकरू झालं."

पण हे लेकरू फार ओढाळ. सरांनी मला समजावलं होतं की रसाचे कण एकमेकांचे हात धरायला टपलेले असतात. एकानं दुसऱ्याचा धरला की तिसऱ्याचा, आणि बघता बघता फुगडीची साखळी होते, रस गोठून काच होतो. आपल्याला हवं तेव्हा व्हावं, नको तेव्हा होऊ नये, म्हणून त्यात एक पूड चिमूटभर टाकायची. तिला सर 'राखणदार' म्हणायचे. राखणदार सगळ्यांचे हात सुटे ठेवतो. पण त्याला हवा लागते. बाटलीत हवा नसली की तो झोपतो. म्हणून बाटली गळ्यापर्यंत भरायची नाही.

आणि काम करायचं असेल तेव्हा राखणदाराला आधी कॉस्टिक सोड्याच्या पाण्यानं धुऊन काढायचं. धुतलेला रस मग उघड्यावरच्या पोरासारखा. तो लगेच वापरायचा, नाहीतर थंडीत ठेवायचा, आणि नजरेआड करायचा नाही.

रसाशी सर कानडीत बोलायचे. घर त्यांचं अणदूरच्या पलीकडं, सीमेला लागून, किराणा दुकानाचं. घरात कानडी, शाळेत मराठी. दोन काचांच्या मध्ये रबराची नळी बसवून, चारी बाजूंनी चिमटे लावून त्यात ते रस ओतायचे आणि कोमट पाण्यात ठेवायचे. त्याआधी रस थोडा घट्ट करून घ्यावा लागायचा. "किती घट्ट?" मी विचारलं. त्यांना सांगता येईना. मी कांडीवरचा थेंब दोन बोटांत धरल्यासारखं करून म्हटलं, "एकतारी पाकाएवढा?" तर इतके खूश झाले की दिवसभर येईल त्याला "एकतारी, एकतारी" सांगत सुटले. पाण्याला थोडी जास्त ऊब लागली की काचेत बुडबुडे धरायचे. तेव्हा ते भांड्यावर वाकून म्हणायचे, "तडी, तडी. सुम्न कूड." म्हणजे थांब, थांब, गप बस. बुडबुडा दिसलाच तर मात्र त्या काचेला, मला, पाण्याला, सगळ्यांना शिव्या. गोठलेली पाटी निघाली की तिच्या पट्ट्या कापायच्या, खिडकीला टांगून खाली वजनं लावायची. तुटेपर्यंत. भंगारातल्या रसाची पट्टी विकतच्या रसाच्या पट्टीएवढं वजन धरते का, एवढं एकच त्यांना बघायचं होतं. "धरती," ते सांगायचे. "फक्त मला दाखवायचंय."

लॅबमधल्या फ्रीजवर त्यांनी दारभर अक्षरांत लिहिलं होतं: 'खाण्याचं ठेवू नये. बंद करू नये.' ज्यांना वाचता येत होतं त्यांनीच ते कधी पाळलं नाही. एकदा प्राचार्यांच्या पाहुण्यांसाठी आणलेले पेढे शिपाईमामानं त्यात ठेवले. सरांनी खोका उचलला आणि थेट प्राचार्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला. "हे खाऊ नका. आणि खायचंच असंल तर आधी मला सांगा, मी दवाखान्याची गाडी सांगून ठेवतो." पाहुण्यांसमोर. प्राचार्य हसले. पण ते हसू मी बघितलं होतं. तसं हसू हसणारा माणूस विसरत नाही.

माझं सारखं फ्रीजला हात लावून बघणं, घरघर चालू आहे ना म्हणून, ते सरांच्या लक्षात आलं होतं. मला वाटलं, हसतील. म्हणाले, "भ्यावं. पण आधी भ्यावं. मागून भिऊन कुणाचं भलं झालंय?" माझ्या भित्रेपणाला आयुष्यात पहिल्यांदा कुणी कामाचं म्हटलं.

आता नवरात्राचं सांगते.

सरांना एका मोठ्या शहरातल्या विद्यापीठातून मशीनची वेळ मिळाली होती. खिडकीला टांगायची वजनं नव्हे, खरं मशीन, पट्टी ओढून अचूक आकडा सांगणारं. किती तरी महिने त्यासाठी फोन केले होते. दसरा झाला की शेवटच्या पट्ट्या करून घेऊन जायचं. रस शुद्ध करायला लागणारा पंप दुसऱ्या कॉलेजचा, उसना, तो सुट्टीच्या आधी परत करायचा होता. म्हणून सरांनी अष्टमीलाच रस धुऊन, उकळून, गार करून, राखणदाराशिवायचा, फ्रीजमध्ये ठेवला आणि घरी देवीचं असतं म्हणून गावाला गेले. जाताना मला म्हणाले, "अक्का, घरघर ऐकत राहा."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारं पुजतात. विळा, नांगर, ट्रक, शिलाईमशीन, जे ज्याचं असेल ते. आणि पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी कामाला लावत नाहीत, विश्रांती देतात. आमच्या लॅबमध्येही दरवर्षी पूजा व्हायची, पण सर दिवा लावू द्यायचे नाहीत आणि फ्रीजला हात लावू द्यायचे नाहीत. त्या वर्षी सर नव्हते. आणि प्राचार्यांना फोटो काढायचे होते. फेटे बांधून सगळे आले. तराजूला हळद, काचेच्या नळ्यांना कुंकू, फ्रीजला झेंडूचा हार. मीच तो हार करून दिला होता. मग प्राचार्य म्हणाले, "आज यंत्रांना विश्रांती. मामा, मेन बंद करा."

मी म्हटलं, "साहेब, फ्रीज चालू ठेवावा लागतो. सर सांगून गेलेत."

"बाई, एक दिवसानं काय होतंय? फ्रीज बंद केला तरी आत गार राहतो. माझ्या घरी बघतो की मी."

"साहेब, धुतलेला रस आहे त्यात."

"कसला रस? उसाचा?" सगळे हसले. "आज देवीचा दिवस आहे. सरांच्या फ्रीजला देवीपेक्षा मोठं करू नका."

मामानं मेन पाडली. घरघर थांबली. मला वाटलं माझंच काहीतरी थांबलं. प्राचार्यांनी लॅबला कुलूप लावून किल्ली ऑफिसात ठेवायला सांगितली. मी सरांना फोन लावत बसले. त्यांच्या गावाला रेंज कधी असते, कधी नसते. नव्हती. मामाच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. मामा म्हणाला, "अक्का, तुला कंत्राट हाय म्हणून मला बी कंत्राटावर आणती का?"

त्या वर्षी नवरात्रात उन्हाळ्यासारखं ऊन होतं. दसरा गेला, त्याला जोडून आलेली सुट्टीही गेली. कुलूप तसंच, सरांचा फोन लागलाच नाही.

लॅब उघडली तेव्हा सर माझ्या आधी आत गेले. फ्रीजचं दार अर्धवट उघडलेलं. त्याचं आतलं पांढरं अस्तर वाफेनं वितळून सायीसारखं लोंबत होतं. बाटली फुटली होती आणि तिच्या जागी बाटलीच्याच आकाराचा पिवळट दगड उभा होता. आत बुडबुडेच बुडबुडे. दारावरचा झेंडूचा हार वाळला होता, पण जागच्या जागी होता. वासानं डोळे चुरचुरत होते. आग लागली नाही ही त्या देवीचीच कृपा, नाहीतर फेटेवाल्यांच्या फोटोखाली राखेचा फोटो लावावा लागला असता.

मी थांबले, आता सर ओरडतील. सरांनी तो दगड दोन्ही हातांत घेतला, उजेडात धरला आणि हळूच टेबलावर ठेवला.

दुपारी प्राचार्यांच्या खोलीत बोलावणं आलं. संस्थेचे एक पदाधिकारीही बसलेले. प्राचार्य म्हणाले, "फ्रीजची जबाबदारी परिचर बाईंची. त्यांनी वेळेवर सांगायला पाहिजे होतं."

मी म्हटलं, "मी सांगितलं होतं की, साहेब."

"तुम्हाला बोलायला सांगितलंय का?"

घरभाडं, पोरीची शाळा, सगळं डोळ्यासमोर फिरलं. मग ते सरांकडं वळले, आवाजात साखर. "सर, बाईंचा निष्काळजीपणा झाला, एवढं तुम्ही सांगा. आम्ही दुसरी बाई बघतो. तुमची लॅब, तुमचं काम, तसंच चालू राहील. नाहीतर मग अशा धोक्याच्या गोष्टी कॉलेजात ठेवायच्या का, याचा आम्हाला विचार करावा लागेल."

मी सरांकडं बघितलं. मनात म्हटलं, ओरडा. एसटीत ओरडला, पेढ्यांसाठी ओरडला, एका बुडबुड्यासाठी ओरडता. आता ओरडा. सांगा यांना, स्विच कुणी बंद केला ते.

सर हळूच म्हणाले, "राखणदार मी धुतला. राखणदार नसलेला रस ठेवून मी गावाला गेलो. चूक माझी. अक्कांचा संबंध न्हाय."

"मग लॅबचं…"

"घ्या."

एवढंच. खिशातून स्वतःकडची किल्ली काढून टेबलावर ठेवली. प्राचार्यांना एवढं सोपं होईल असं वाटलं नव्हतं. त्यांनी किल्लीला लगेच हातसुद्धा लावला नाही.

बाहेर आल्यावर मी गेटपर्यंत त्यांच्या मागं गेले. भीती कुठं गेली कुणास ठाऊक. म्हटलं, "सर, तुम्ही ओरडला का नाही?"

"कुणावर ओरडू? लाईट तर हितं रोज जाती. त्या दिवशी आपोआप गेली असती तर? तरी रस गोठलाच असता. धुतलेला रस असा ठेवायचाच नसतो. घाई मी केली."

"लाईट जाणं आणि लाईट घालवणं एकच का सर?"

ते उभे राहिले. मग म्हणाले, "तुम्ही घरी जा, अक्का."

तुम्ही.

माझी नोकरी त्यांनी वाचवली. हे मी रोज म्हणते, देवापुढं म्हणते. पण खरं सांगू का, उपकार करणाऱ्यावर राग येतो तेव्हा त्याचं काय करावं हे कुणी शिकवत नाही. ते रसायनाचं खरं बोलले. माणसांचं खरं होतं ते गिळून बसले. आणि ज्यांचं पाप त्यांना वर शाबासकी, की किती समंजसपणे हाताळलं. विद्यापीठातल्या मशीनची वेळ निघून गेली. लॅबच्या जागी नवं छत, नवे पंखे, संगणकाची खोली झाली. दारावर चकचकीत अक्षरांची पाटी लागली. सर एकदा तिच्यापुढं थांबले, नखानं कोपरा खरवडला आणि म्हणाले, "अ‍ॅक्रिलिक न्हाय हे. खोटं हाय." हे त्यांचं कॉलेजातलं शेवटचं रागाचं वाक्य. तेही रागानं म्हटलं नाही.

मग सर सुधारले. वेळेवर वर्ग घ्यायला लागले, मीटिंगला बसायला लागले, चहा आला की प्यायला लागले. फेटा बांधा म्हटलं की बांधायला लागले. शिपाईमामा मला समजावायचा, "अक्का, खंडोबा बी दरवर्षी अणदूरच्या देवळातनं नळदुर्गच्या देवळात हलतो, परत जातो. सरांनी बी एका खोलीतनं दुसऱ्या खोलीत हलायचं. त्यात काय एवढं?"

मी म्हटलं, "खंडोबाला वाजतगाजत नेतात, मामा. सरांना हाकललं."

पुढच्या वर्षी माझं कंत्राट आपोआप संपलं. आपोआप, लाईट जाते तसं. सरांनी त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. तो वापीला अ‍ॅक्रिलिकच्या पाट्या चिकटवायचा गोंद बनवणाऱ्या कारखान्यात मोठ्या जागेवर होता. मला तिथं तपासणीच्या खोलीत काम मिळालं. सातवी शिकलेल्या बाईला. पोरगी घेऊन आले. इथं सगळे हिंदी-गुजराती बोलतात. पहिले महिने मी रात्री दाराला आतून खुर्ची लावून झोपायचे. दर दसऱ्याला सरांना फोन करायचे. "बरं हाय का अक्का? पोरगी काय शिकती? बरं, बरं. काळजी घ्या तुम्ही." तेवढंच. फोन ठेवला की माझं पातेलं आपटायचं.

मागच्या दसऱ्याचं सांगते आणि थांबते. आमच्या कारखान्यातही त्या दिवशी मशीनची पूजा असते. हार झाले, नारळ फुटले. सुपरवायझर चांगला माणूस आहे, पण तो मेनकडं हात करून म्हणाला, "चलो, आज मशीन को भी आराम."

तपासणीच्या खोलीत थंड कपाट आहे. गोंदालाही तोच रस लागतो, आणि कपाटात राखणदार धुतलेला नमुना होता. मी किती भित्री आहे ते सांगितलंच. पण माझे पाय आपणहून चालले आणि मी मेनच्या पुढं जाऊन पाठ लावून उभी राहिले.

"बहनजी, हटो."

"नही हटूंगी."

"अरे पूजा है!"

आणि माझ्या तोंडातून निघालं, सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल असं, "सुम्न कूड!"

कुणाला कळलं नाही ती कुठली भाषा. सुपरवायझर दोन पावलं मागं गेला. त्याला वाटलं देवी आली. कुणीतरी माझ्या पाया पडायला वाकलंसुद्धा. मेन बंद झाली नाही. वरच्या साहेबांनी मला बोलावून ताकीद दिली की पूजेत आरडाओरडा चालणार नाही. मी बरं म्हटलं.

त्या रात्री सरांना फोन केला. सगळं सांगितलं. मेनपुढं कशी उभी राहिले, देवी कशी आली. ते नुसतं "हं, हं" करत होते. मी सांगत सुटले होते. "थंड कपाट तसं भरलेलंच होतं सर. शेजारी तयार मालाच्या बाटल्या होत्या, सुट्टी येणार म्हणून पाळीवरच्या लोकांनी गळ्यापर्यंत भरून…"

पलीकडचं "हं, हं" बंद पडलं. मला वाटलं रेंज गेली.

"काय म्हणालीस?"

"सर?"

"गळ्यापर्यंत? आणि तू बघत बसलीस? मेनपुढं उभी राहून देवी कसली झालीस गं, बाटलीकडं बघता येत न्हाय का? लोणचं हाय का ते? राखणदारानं श्वास कुठनं घ्यायचा? तुला पहिल्या दिवशी काय सांगितलं होतं मी? सकाळी जायचं आन् पहिलं काम…"

पोरगी आतून धावत आली. फोनमधला आवाज तिला आतल्या खोलीत ऐकू गेला होता. "आई, कोण ओरडतंय?"

मी हातानं तिला गप केलं. फोन कानापासून थोडा लांब धरला, पण ठेवला नाही. म्हटलं, "चुकलं, सर." आणि अजून बोलतील म्हणून तशीच उभी राहिले.